फणी, किल्ली आणि रोमचा खुर्दा: मध्ययुगीन पोपच्या लहान नाण्यांविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रोमहून आणलेली दोन लहान नाणी तुमच्याकडे आहेत. एकावर फणीसारखी आकृती आहे, दुसऱ्यावर किल्ली आहे आणि दोन्ही काळपट पडली आहेत. विक्रेत्याने ती ‘पोपची मध्ययुगीन चांदीची नाणी’ म्हणून दिली. ती खरोखर चांदीची आहेत का, पोपचा अधिकार युरोपभर मानला जात असल्यामुळे ती सगळीकडे चालत होती का, आणि त्यांनी बाजारात काय मिळत असे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. तीनही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. नाण्यात चांदी आहे, पण थोडी. युरोपभर तर ते चालत नव्हतेच. ज्या शहरात किंवा प्रांतात ते पाडले गेले, त्याच्या आसपासच्या बाजारांपलीकडे ते क्वचितच गेले. त्याने रोजचा किरकोळ सौदा होत असे, मोठा व्यवहार होत नसे.

पोप या एका व्यक्तीच्या ठायी दोन वेगळे अधिकार होते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. लॅटिन ख्रिस्ती जगताचे धर्मप्रमुख म्हणून त्यांचा शब्द आइसलँडपासून जेरुसलेमपर्यंत जाई. मध्य इटलीतल्या काही प्रदेशांचे जमीनधनी आणि राज्यकर्ते म्हणून त्यांची सत्ता मात्र मर्यादित होती, आणि अनेकदा ती कागदावरच राहत असे. नाणे पाडण्याचा हक्क या दुसऱ्या अधिकाराचा भाग होता. त्यामुळे पोपच्या लहान नाण्याची गणना धर्मसत्तेच्या खुणांत करण्यापेक्षा शेजारच्या एखाद्या सरंजामदाराच्या किंवा नगरसभेच्या नाण्यांबरोबर केली, तर त्याचा व्यवहार नीट समजतो. नाणे घ्यायचे की नाही आणि किती बट्ट्याने घ्यायचे, हे गिऱ्हाइकाच्या श्रद्धेवर ठरत नसे. ते सराफाच्या ताजव्यावर आणि कसोटीवर ठरे.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात सांगतो. एड्रियन पहिला (७७२–७९५) याच्या काळापासून पोपच्या नावाचे देनारो, म्हणजे चांदीची लहान नाणी, पाडले जाऊ लागले. लिओ तिसऱ्याच्या काळात शार्लमेनला सम्राटपदाचा मुकुट मिळाल्यावर त्यांवर पोपबरोबर सम्राटाचेही नाव येऊ लागले. ही परंपरा दहाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कशीबशी चालली आणि मग रोमची टांकसाळ जवळजवळ दोनशे वर्षे बंद राहिली. या दोन शतकांत रोममध्ये पैसा नव्हता असे नाही, फक्त तो दुसऱ्यांचा होता. आधी पाव्हियाचे आणि नंतर लुक्काचे देनारो तिथे चालत. ११९२ साली पोपच्या कोषागाराचा अधिकारी चेंचियो, जो पुढे होनोरियस तिसरा म्हणून पोप झाला, याने चर्चला येणे असलेल्या वार्षिक देण्यांची एक मोठी नोंदवही तयार केली. तीत पाव्हिया, लुक्का, प्रोव्हाँ अशा निरनिराळ्या टांकसाळींची चलने आणि सोन्याची परकी नाणी एकाच रांगेत उभी दिसतात. ज्याला अर्धा युरोप देणे लागत होता, त्याचे स्वतःचे असे चलनच जवळपास नव्हते, ही विसंगती मला त्या नोंदवहीतली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

आता फणीचे नाणे. फ्रान्समधल्या शांपेन परगण्यात त्रुआ, प्रोव्हाँ, लान्यी आणि बार-सुर-ओब या गावी वर्षभर आळीपाळीने मोठ्या जत्रा भरत आणि उत्तर व दक्षिण युरोपचे व्यापारी तिथे हिशेब चुकते करत. रोमचे व्यापारी कामानिमित्त पोपच्या दरबारी येणाऱ्या परदेशी बिशपांना कर्ज देत आणि त्याची वसुली या जत्रांत करत. परत येताना प्रोव्हाँचे देनिये (देनारोचेच फ्रेंच नाव) पिशव्या भरून येत. त्या देनियेवर फणी कोरलेली होती. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे परके नाणे रोमच्या बाजारात इतके रुळले, की ११८० च्या दशकात रोमच्या सिनेटने, म्हणजे नगरसभेने, स्वतःची नाणी पाडायला घेतली, तेव्हा नवे चिन्ह शोधण्याऐवजी तीच फणी उचलली आणि नाण्याचे नावही प्रोव्हिसिनो असेच राहिले. कडेने एका बाजूला सिनेटचे नाव आणि दुसऱ्या बाजूला ‘रोमा कापुत मुंदी’, म्हणजे जगाचे शीर्ष रोम, अशी ऐट. मधे मात्र फ्रान्समधल्या एका जत्रेच्या गावाची फणी. लोक जे नाणे डोळे झाकून घेतात, त्याच्या रूपाला हात लावायचा नाही, हा टांकसाळवाल्यांचा जुना शहाणपणा इथे दिसतो. आपल्याकडे शिवराई शिवकाळानंतरही कितीतरी वर्षे अनेक टांकसाळींतून त्याच नावाने आणि साधारण त्याच रूपात पाडली जात राहिली, तिच्याशी परिचय असलेल्या वाचकाला ही प्रवृत्ती ओळखीची वाटेल.

विक्रेत्याने या नाण्याला ‘पोपचे’ म्हटले ते अर्धेच खरे आहे. ११८८ साली क्लेमेंट तिसरा आणि सिनेट यांच्यात जो समझोता झाला, त्याने टांकसाळीचा हक्क पोपकडे परत आला आणि तिचा एक तृतीयांश वाटा सिनेटला ठेवला गेला. तरीही नाण्यावरची अक्षरे सिनेटचीच राहिली. तेराव्या शतकाच्या मध्यात ब्रांकालेओने देल्यी आंदालो हा बोलोन्याचा जहाल सिनेटर रोमवर सत्ता गाजवत होता, तेव्हा सिंहाचे चित्र असलेले मोठे चांदीचे ग्रोस्सो निघाले आणि त्यांवर पोपचे नाव नव्हते. म्हणून फणीच्या नाण्यावर पोपचे नाव शोधू नका. ते सापडत नाही म्हणून नाणे खोटे ठरत नाही.

चांदीविषयी. या काळातले देनारो चांदी आणि तांबे यांच्या मिश्रणाचे आहेत आणि काळ पुढे सरकेल तसे तांबे वाढत गेले आहे. तयार करण्याची रीत अशी होती: धातू वितळवून पट्ट्या ओतायच्या, त्या ठोकून पातळ करायच्या, कातरीने गोल चकत्या कापायच्या, त्या आम्लाच्या द्रावणात उकळून पांढऱ्या करायच्या आणि मग दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने घाव घालायचा. उकळताना पृष्ठभागावरचे तांबे विरघळून निघून जाते आणि चांदीचा एक पातळ पापुद्रा वर उरतो. टांकसाळीतून बाहेर पडताना नाणे त्यामुळे चांगले पांढरेशुभ्र दिसे. काही वर्षे हातोहात फिरल्यावर तो पापुद्रा झिजला, की खालचा तांबूस-काळा अंश दिसू लागे. तुमच्या नाण्यांचे काळपटपण बहुधा याच कारणाने आणि जमिनीत पडून राहिल्याने आले आहे. कडेला किंवा उंच भागावर तांबूस झाक दिसत असेल, तर ती बनावटीची खूण मानू नये.

टांकसाळवाले लबाड होते म्हणून चांदी कमी घालत, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. एक ग्रोस्सो पाडायला जितके हातोडे मारावे लागतात, जवळजवळ तितकेच एक देनारो पाडायलाही लागतात, पण देनारोची किंमत ग्रोस्सोच्या एका लहानशा अंशाइतकीच असते. त्यामुळे मजुरी, कोळसा आणि ठशांची झीज यांचा खर्च लहान नाण्यावर प्रमाणाबाहेर बसतो. हा खर्च भरून काढायचा, तर नाण्यातली चांदी त्याच्या दर्शनी किमतीपेक्षा कमी ठेवण्याशिवाय मार्ग नव्हता. तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या टांकसाळी बहुधा ठेक्याने दिलेल्या असत. ठेकेदाराला मोठ्या नाण्यात नफा दिसला, की खुर्दा पाडायला तो टाळाटाळ करी आणि बाजारात सुट्या पैशांची टंचाई पडे. पोपची राज्ये या बाबतीत इतरांपेक्षा वेगळी नव्हती.

किल्लीचे नाणे बहुतेक करून रोमच्या उत्तरेकडच्या प्रदेशाचे असावे. व्हितेर्बो आणि मोंतेफिआस्कोने यांच्या परिसराला संत पीटरची मालमत्ता असे नाव होते आणि मोंतेफिआस्कोनेत पोपचा रेक्टर, म्हणजे सुभेदार, बसत असे. या प्रदेशासाठी पाडलेल्या देनारोला पापारिनो म्हणत. त्याच्या कडेने ‘संत पीटरची मालमत्ता’ या अर्थाची लॅटिन अक्षरे असतात. नाव, चिन्ह आणि अक्षरे यांमुळे ते फणीच्या नाण्यापेक्षा कितीतरी अधिक ‘पोपचे’ दिसते, पण व्यवहारात त्याची धाव प्रोव्हिसिनोपेक्षाही तोकडी होती. व्हितेर्बोचे खरेदीखत, भाडेपट्टा किंवा दंडाची नोंद पापारिनोच्या लिरांमध्ये (२४० देनारोंची एक लिरा) लिहिलेली सापडते. तिथून थोडे उत्तरेला गेले, की सिएना, कोर्तोना आणि पिसाचे पैसे पुढे येतात. दक्षिणेला उतरले, की रोमचे प्रोव्हिसिनो. आद्रिआतिकच्या बाजूला आंकोना आणि राव्हेन्ना यांच्या देनारोंचे राज्य होते. त्यांतला राव्हेन्नाचा देनारो तिथल्या आर्चबिशपचा असल्यामुळे त्याला पोपचे नाणे समजण्याची चूक अनेकदा होते. बोलोन्याची गोष्ट आणखी निराळी. तिला नाण्याचा हक्क ११९१ साली सम्राट हेन्री सहाव्याकडून मिळाला आणि ते शहर पोपच्या राज्यात औपचारिकपणे आले ते १२७८ साली. नाण्यावर मधोमध मोठे ‘ए’ अक्षर आणि सम्राट हेन्रीचे नाव दिसले, तर ते जुने बोलोन्यिनो आहे आणि त्याला पोपच्या नाण्यांत धरणे घाईचे ठरते.

बाजारात या नाण्याने काय मिळे, हे सांगण्यापूर्वी हिशेबाची रीत सांगायला हवी. १२ देनारोंचा १ सोल्दो आणि २० सोल्दोंची, म्हणजे २४० देनारोंची, १ लिरा. यांपैकी हातात खेळणारे नाणे बराच काळ एकच होते, देनारो. सोल्दो आणि लिरा या मोजणीच्या संज्ञा होत्या. तेराव्या शतकात बारा, वीस किंवा चोवीस देनारोंच्या आसपास किमतीचे चांदीचे ग्रोस्सो आले आणि १२५२ पासून फ्लोरेन्सचा सोन्याचा फ्लोरिन आला, तेव्हा पैशांचे थर पडले. जमीन, लोकर, गुरांचे कळप, कर्ज आणि हुंडीचा व्यवहार सोन्यात आणि ग्रोस्सोंत होऊ लागला. पाव, भाजी, मीठ, मेणबत्ती, पुलावरचा किंवा नावेचा उतार, दळणाची मजुरी आणि भिकाऱ्याच्या थाळीत टाकायचा पैसा हे सारे देनारोकडे राहिले.

पावाचे उदाहरण शिकण्यासारखे आहे. अनेक इटालियन शहरांत पावाची किंमत ठरलेली असे आणि गव्हाचा भाव चढला, की किमतीऐवजी पावाचे वजन कमी केले जाई. याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. किंमत देनारोच्या अंशाने वाढवायची म्हटले, तरी तेवढा लहान पैसा देणार कुठून? सर्वांत लहान नाणे हीच बाजाराची तळरेषा होती आणि वस्तूला तिच्याशी जुळवून घ्यावे लागे. करांतही तेच दिसते. रोमच्या राज्यातली चूलपट्टी वर्षाला दर चुलीमागे २६ देनारो अशी होती आणि १३४७ साली कोला दि रिएंत्सो या रोमच्या लोकनेत्याने सत्ता हाती घेतल्यावर ती नेटाने वसूल करायला लावली. गावातल्या कुटुंबाला वर्षातून एकदा तेवढी नाणी जमवावी लागत, याचा अर्थ ती नाणी खेड्यांतही पोहोचत होती.

१३०० सालच्या जुबिलीत, म्हणजे बोनिफेस आठव्याने जाहीर केलेल्या पापक्षालनाच्या वर्षात, हे थर फार स्पष्ट दिसतात. आस्तीचा वृत्तलेखक गुल्येल्मो व्हेंतुरा त्या वर्षी रोमला गेला होता. त्याने लिहून ठेवले आहे, की पाव, दारू, मांस आणि मासे स्वस्त होते, पण गवत आणि मुक्कामाची जागा फार महाग होती; स्वतःचे अंथरूण आणि घोड्याची जागा यांसाठी, गवत आणि ओट यांचा खर्च सोडून, त्याला रोज एक ग्रोस्सो तुर्नोआ मोजावा लागला. तो फ्रान्सच्या राजाचा मोठा चांदीचा नाणेप्रकार होता. म्हणजे मुक्काम मोठ्या परक्या चांदीत, पाव स्थानिक खुर्द्यात. त्यानेच सांगितलेले दुसरे दृश्य प्रसिद्ध आहे: संत पॉलच्या वेदीपाशी दोन पाद्री रात्रंदिवस दाताळी घेऊन उभे होते आणि पैसे ओढून गोळा करत होते. कार्डिनल स्तेफानेस्कीने त्या अर्पणांविषयी मुद्दाम नोंदवले आहे, की ही रक्कम सोन्याच्या मोठ्या देणग्यांतून उभी राहिली नाही. प्रत्येक प्रांताच्या चालू लहान नाण्यांतून ती जमली. विसाव्या शतकाच्या चाळिशीत संत पीटरच्या कबरीभोवती उत्खनन झाले, तेव्हा दीड हजाराहून अधिक नाणी निघाली आणि त्यांत युरोपातल्या कितीतरी टांकसाळींचे मध्ययुगीन देनारो होते. प्रवाह एकाच दिशेचा होता. जगाचा खुर्दा रोममध्ये येत होता, रोमचा खुर्दा जगात जात नव्हता.

यात्रेकरूच्या हातातले परके पैसे पावाच्या दुकानात चालत नसत, म्हणून तो आधी सराफाकडे जाई. सराफाची कमाई बट्ट्यावर होती. स्थानिक लहान नाण्याला बाजारात स्थान मिळवून देणारा खरा मध्यस्थ मी याच माणसाला मानतो, कारण कोणते नाणे कुठवर चालेल, याची सीमा पोपच्या हुकमापेक्षा त्याच्या दराने अधिक अचूकपणे आखली जाई.

लहान नाण्याची घसरण किती झाली, हे सोन्याशी ताडून पाहता येते. फ्लोरेन्समध्ये १२५२ साली फ्लोरिन २० सोल्दोंचा होता, १३०० च्या सुमारास तो ४६–४७ सोल्दोंवर गेला आणि १५०० पर्यंत १४० सोल्दोंच्या आसपास पोहोचला. सोने तेच राहिले; देनारोतली चांदी गेली. रोममध्ये चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात नोटरींच्या दस्तांत ४७ सोल्दो प्रोव्हिसिनोंचा फ्लोरिन हा ठरावीक हिशेबी दर दिसतो. म्हणजे एका फ्लोरिनला ५६४ देनारो. अर्ध्या-पाऊण ग्रॅमचे एक नाणे धरले, तरी हा ढीग पाव किलोच्या वर भरतो. ज्याची मजुरी देनारोत येई आणि ज्याचे देणे फ्लोरिनमध्ये लिहिलेले असे, त्याला प्रत्येक घसरणीबरोबर अधिक राबावे लागे. इथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. ११९९ साली इनोसंट तिसऱ्याने आरागॉनचा राजा पेरे दुसरा याला एक निर्णय पाठवला. या राजाने बापाच्या काळचे हलके नाणे तसेच चालू ठेवण्याची शपथ घेतली होती. पोपने त्याला योग्य वजनाचे नाणे पाडण्याचा मार्ग दाखवला आणि हा निर्णय पुढे चर्चच्या कायद्याचा भाग झाला. त्याच्या स्वतःच्या शहरातला प्रोव्हिसिनो मात्र पुढच्या दोन शतकांत हलका होतच राहिला.

फ्रान्सच्या बाजूचा एक प्रदेशही लक्षात ठेवावा, कारण तिथली नाणी बाजारात ‘रोमची’ म्हणून विकली जातात. ऱ्होन नदीकाठचा कोंता व्हेनेसाँ १२७४ साली पोपकडे आला आणि १३०० च्या सुमारास तिथल्या पोंत-द-सॉर्ग या गावी पोपची टांकसाळ चालू झाली. तिथले देनिये आजूबाजूच्या फ्रेंच राजाच्या आणि प्रोव्हाँसच्या नाण्यांशी मिळतेजुळते ठेवावे लागत, नाहीतर शेजारचा बाजार ते घेत नसे. १३०९ पासून पोपचा दरबार आव्हिन्यों परिसरात स्थिरावला. जॉन बावीसाव्याच्या कारकिर्दीत कोषागाराचे उत्पन्न वर्षाला सरासरी सव्वादोन लाख फ्लोरिनांच्या घरात होते आणि १३२२ पासून त्याने स्वतःच फ्लोरेन्सच्या धर्तीवर सोन्याचे फ्लोरिन पाडले. एवढा पैसा ज्या दरबारातून वाहत होता, त्याच्या दारातल्या भाजीवालीला मिळणारा देनिये दोन दिवसांच्या वाटेवर बट्ट्याने जाई.

शेवटचा टप्पा थोडक्यात. १३९८ साली बोनिफेस नवव्याने रोमची नगरसत्ता मोडून काढली आणि टांकसाळ खऱ्या अर्थाने पोपच्या ताब्यात आली. मार्टिन पाचवा १४२० साली रोमला परतल्यावर कोषागाराचे नियंत्रण घट्ट झाले. मधल्या किमतीसाठी बोलोन्यिनोचे रूप राज्यभर पसरले. तळाला पिच्चोलो, म्हणजे सर्वांत लहान देनारो, आणि ४ देनारोंचा क्वात्रिनो राहिले. फणी मात्र पंधराव्या शतकातही काही काळ टिकली, तोवर शांपेनच्या जत्रांचा भर कधीच ओसरला होता.

तुमच्या दोन नाण्यांचे पुढे काय करावे? ती घासू नका आणि लिंबू, चिंच किंवा चांदीच्या पॉलिशला जवळ आणू नका. उरलासुरला चांदीचा पापुद्रा त्याने जाईल आणि अक्षरेही जातील. प्रत्येकाचे वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत करा, व्यास मिलिमीटरमध्ये मोजा आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे तिरप्या उजेडात घ्या, कारण इतक्या झिजलेल्या ठशाची अक्षरे समोरच्या उजेडात दिसत नाहीत. फणीच्या नाण्यावर फणीच्या वर कोणते अक्षर किंवा चिन्ह आहे ते पाहा; वजनाबरोबर ते जुळवले, की शतक बहुधा ठरवता येते. किल्लीच्या नाण्यावर कडेची अक्षरे जिथे पुसली आहेत, तिथेही क्रुसाचा आकार पाहून टांकसाळीचा अंदाज बांधता येतो. विक्रेत्याकडून खरेदीची पावती आणि नाणे कोणत्या जुन्या संग्रहातून आले याचा कागद अवश्य मागून घ्या, कारण इटलीत जमिनीत सापडलेली प्राचीन वस्तू सरकारची असते. बाजारभावाने अशी झिजलेली नाणी फार किमतीची नसतात. कुठे सापडली याची विश्वासार्ह नोंद असेल, तर मात्र अभ्यासकाला ती सुंदर पण बेवारस नाण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण एखादा पापारिनो व्हितेर्बोपासून दूर मिळाला, तर तो तिथवर कसा गेला हे विचारता येते.